शाळेत पोरांना 'झपाटलेला' दाखवावा का? तुमच्या घरी कोणाला काय वाटलं होतं ते सांगा

शाळेच्या_बाई, सोलापूर

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी तिसरी ते सातवीच्या मुलांना शाळेच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवायचा ठरलाय. यंदा त्यांच्या आयांनाही बोलावणार आहोत. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी 'झपाटलेला' म्हटलं. त्यावरून स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते आहे.

आधी बघणारी मंडळी कोण ते सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडची बहुतेक मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी त्यांना येते, पण ती 'एका वाक्यात उत्तरे लिहा'ची मराठी. घरी टीव्हीवर तेलुगू सिनेमे चालू असतात, त्यातले नाच आणि मारामाऱ्या पोरांना पाठ आहेत. मराठी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेलं मूल वर्गात शोधावं लागतं. वडील यंत्रमागावर, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. आया विड्या वळतात. अशा घरातली मुलं आणि आया शेजारी शेजारी बसून एकाच गोष्टीला हसतील असा मराठी सिनेमा मला हवाय.

'झपाटलेला' १९९३ चा, महेश कोठाऱ्यांचा. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कारला धमकावून मृत्युंजय मंत्र मिळवतो, मरता मरता आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला येऊन पोचतो श्रीरंगपूरच्या लक्ष्याच्या घरी. मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या इंग्रजी भयपटावरून घेतलेली, पण तिकडे नुसती भीती होती. इकडे लक्ष्मीकांत बेर्डे आल्यावर सगळं घरचं झालं.

लोक म्हणतात पोरांना तात्या विंचू आवडतो. आवडतोच. पण माझं म्हणणं असं की पोरांच्या जिवाला लागतो तो लक्ष्या. बाहुला जिवंत आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय, तो जीव तोडून सांगतोय, आणि एकही मोठं माणूस ऐकत नाही, उलट त्यालाच वेड्यात काढतात. त्यात त्याचा धंदाच बोलक्या बाहुल्यांचा! जो रोज बाहुलीला आपला आवाज देतो, त्याचा बाहुला एक दिवस खरंच बोलायला लागला तर कोण मानणार? ही कोंडी ज्याला सुचली त्याला मी मनापासून दाद देते. "बाई, खरंच मी नाही केलं" हे मी वर्गात रोज ऐकते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला खरं बोलून खोटं ठरण्याइतकं दुसरं काही झोंबत नाही. म्हणून हा सिनेमा त्यांचा आहे असं मला वाटतं.

विरोधात असलेल्या बाई म्हणतात, बाहुल्याने माणसं मारलेली दाखवणार का? आयांबरोबर धाकटी भावंडं येणार, त्यांचं काय? त्यांचं मत 'मिस्टर इंडिया'ला आहे. आणखी एका सरांनी 'छोटा चेतन' सुचवलाय.

तुमच्या घरी 'झपाटलेला' लहान मुलांबरोबर पाहिला असेल तर कोण कुठे हसलं, कोण कुठे घाबरलं, ते सविस्तर सांगा. नुसतं 'भारी आहे' किंवा 'नको' म्हणू नका.

---

होटगी_रोडची_आई

बाई, आमच्याकडचं सांगते. मुलगा सहा वर्षांचा होता, सुट्टीत टीव्हीवर लागलेला. सिनेमा चालू असताना पोट धरून हसला. घाबरला तो रात्री. त्याच्या आत्याने दिलेला एक कापडी जोकर कपाटावर बसवलेला असायचा. आधी म्हणाला, त्याचं तोंड भिंतीकडे कर. केलं. मग म्हणाला, त्याच्यावर चादर टाक. टाकली. मग म्हणाला, आता चादरीखाली तो काय करतोय ते कळत नाही, चादर काढ. शेवटी जोकर शेजारच्या काकूंकडे मुक्कामाला गेला तेव्हा घरात झोप झाली.

पण तोच मुलगा पुढच्या वेळी लागला तेव्हा पहिल्या रांगेत, म्हणजे टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून होता. आता कॉलेजात आहे आणि त्याला सगळा सिनेमा तोंडपाठ आहे. म्हणून मी नको म्हणणार नाही. फक्त पाच-सहा वर्षांची भावंडं त्या हॉलमध्ये नकोत. त्यांना दुसऱ्या वर्गात खेळ, चित्रं काहीतरी द्या. एक बाई तिथे बसवा.

आणि मोठ्यांसाठी एक उपाय, मी पुढे धाकटीसाठी केला होता. आदल्या दिवशी मोज्याचा बाहुला करायला लावा. एक जुना मोजा, दोन बटणं, आत हात. स्वतःच्या हाताने ज्याचं तोंड उघडलंय त्या गोष्टीची तेवढी भीती उरत नाही. धाकटीने तात्या विंचूला बघून पहिलं काय विचारलं असेल? "याच्या आत हात कोणाचा आहे?" मग आम्ही तिला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये दाखवले, त्यांचा अर्धवटराव दाखवला. पाध्यांच्या वडिलांपासून, यशवंत पाध्यांपासून चालत आलेला बाहुला आहे हे ऐकून तर ती थक्कच झाली. तात्या विंचूचा बाहुलाही रामदास पाध्यांचाच, हे मुलांना आधी सांगाच.

---

मिलचा_भोंगा

नमस्कार बाई. मी जुना मिल कामगार, वय आता लई झालं. नातवाच्या मोबाईलवरनं लिहायलोय, चुकभूल सांभाळून घ्या.

आमी हा पिक्चर टॉकीजला बगितला, नवा लागला तवाच. पाळी सुटल्यावर घरी जाऊन, पोरं, मालकीण, म्हातारी आई, सगळ्यांना घिऊन. तवा घरटी असंच जायचे लोक, एकटं कोण जातंय? डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी. इंटरवलला पायऱ्यावर बसून खाल्ली.

आता तुमी विचारलं कोण कुठं हसलं. माजी आई कन्नड बोलनारी, तिला मराठी कामापुरतं. ती लक्ष्यावर हसली नाही. ती हसली तुकाराम हवालदारावर, विजय चव्हाण. तो नुसता दिसला तरी तिचा पदर तोंडाला. पोलीस घाबरतोय हे बगून तिला जो आनंद झाला तो मी परत कधी बगितला नाही. भाषा लागली नाही तिला. तुमच्या आयांना पन लागनार नाही.

पोरं घाबरली का? घाबरली की. माज्या मांडीत येऊन बसली. पन बाई, टॉकीजमदी शंभर माणसं एकदम दचकतात आनि लगेच हसतात, ते घरी टीव्हीवर हुत नाही. घरी पोरगं एकटं घाबरतंय. मोबाईलवर तर अजूनच एकटं. तुमच्या हालमदी आई शेजारी आसनार, बिनधास्त दाखवा.

आनि एक. आमच्या पोरांना लई वर्सानी कळलं की टीव्हीवरचे टिपरे आजोबा, मुन्नाभाईच्या पिक्चरातले गांधीजी आनि तात्या विंचू हा मानूस एकच. दिलीप प्रभावळकर. थोरला मानायलाच तयार नव्हता. म्हणला एवढ्या गरीब चेहऱ्याचा मानूस असलं हसनार कसा? ते तुमच्या पोरांना शेवटी सांगा, आधी नको. आधी सांगितलं तर भीतीची गंमत जाईल.

---

पुण्यात_पण_सोलापूरची

मी तुमच्या विरोधातल्या बाईंच्या बाजूने थोडं बोलते, कारण 'मिस्टर इंडिया' मला अजूनही फार जवळचा आहे.

१९८७ चा सिनेमा. भाड्याचं मोठं घर, अनाथ पोरांची फौज, कॅलेंडर नावाचा स्वयंपाकी, महिनाअखेरीला वाण्याची उधारी. अदृश्य होण्याचं घड्याळ नंतर येतं. त्याच्या आधी बराच वेळ आपण त्या घरातच राहतो, घरमालकाला घाबरतो, तांदळात खडे खातो. म्हणूनच हनुमानाची मूर्ती गुंडांना चोपते तेव्हा मुलं उभी राहून ओरडतात, आपल्या घरचं कोणीतरी जिंकल्यासारखी. जादूच्या कौटुंबिक सिनेमाबद्दल माझं तेवढंच मत आहे: आधी घर पटलं पाहिजे. ज्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत चमत्कार सुरू होतात ते मुलं बघतात आणि विसरतात.

त्यात तुम्हाला शाळेसाठी एक आयता खेळही आहे. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो हा त्या सिनेमातला नियम. मी भाच्यांना लाल जिलेटिन कागदाचे तुकडे वाटले होते. नायक गायब झाला की सगळे तो कागद डोळ्यांवर धरून त्याला शोधायचे. काही दिसत नव्हतं, तरी "दिसला, दिसला!" म्हणून ओरडत होते.

पण दोन अडचणी आहेत आणि त्या मी लपवत नाही. लांबी जवळजवळ तीन तास. आणि ती छोटी टीना बॉम्बस्फोटात मरते. माझी भाची त्यानंतर उरलेला सिनेमा बघायलाच तयार नव्हती. तात्या विंचूची भीती बाहुल्याची आहे, ती रात्री जाते. टीनाचं मरण खरं वाटतं. त्या हिशेबाने, लिहिता लिहिताच मला वाटायला लागलंय की तुमची निवड मुलांना सोपी जाईल.

आयांसाठी वेगळा कार्यक्रम करणार असाल तर केदार शिंदेंचा 'अगं बाई अरेच्चा!' बघा, २००४ चा. घरातल्या बायकांनी वैतागलेला पुरुष, त्याला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. माझ्या आईने तो बघून टीव्ही बंद केला आणि बाबांना म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरंय, जेवण गेलं नसतं." मुलांबरोबर नको, पण बायका बायका मिळून बघा. नंतर त्या दोन तास बोलतील.

---

प्रोजेक्टरवाला_दादा

मी कॉलेजं, शाळा, गणपती मंडळं यांच्यासाठी प्रोजेक्टर लावतो, तेव्हा मी यंत्राचं बोलतो.

बाई, भीती चित्रात कमी आणि आवाजात जास्त असते. दचकवायच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत एकदम चढतं, तिथेच पोरं किंचाळतात. तुमच्यापैकी कोणी सिनेमा आधी एकदा पूर्ण बघून ठेवा आणि अशा जागा कागदावर टिपा. चालू असताना आवाजाचं बटण त्या माणसाच्या हातात द्या. थोडा खाली घेतला की मुलं दचकतात पण रडत नाहीत. पूर्ण बंद मात्र करू नका, मुलांना फसवल्यासारखं वाटतं.

हॉलमध्ये पूर्ण अंधारही नको. मागच्या बाजूचा एक दिवा चालू ठेवा, पडद्यावर उजेड पडणार नाही असा. खिडक्यांना काळं कापड विकत आणायची गरज नाही. प्रत्येक घरातून एक चादर मागवा. सोलापुरी चादरीतून उजेड येत नाही हे मी कितीतरी हॉलमध्ये बघितलंय. दोरी बांधून लाकडी चिमटे लावा, खिळे ठोकू नका.

शेजारी माग आहेत का? असतील तर स्पीकर पडद्याजवळ ठेवून भागणार नाही, एक मागेही लागेल. मागाच्या खटखटीत बोलणं हरवतं आणि तुम्हाला तर बोलणंच ऐकवायचंय. मालकाला विनंती करून तेवढा वेळ माग बंद ठेवता आले तर सगळ्यात उत्तम.

आणि प्रत सरळ मार्गाने घ्या. कोणाच्या पेनड्राईव्हवरची, मध्येच जाहिरात घुसलेली प्रत घेऊन येऊ नका. ऐन रंगात पडदा थिजला की पोरं परत जागेवर बसत नाहीत.

---

शाळेच्या_बाई, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही वेळ काढून लिहिलंत, म्हणून काय झालं ते नीट सांगणं माझं काम आहे. 'झपाटलेला'च दाखवला. मुख्याध्यापकांनी होकार दिला तो होटगी रोडच्या ताईंचा निरोप वाचून.

शुक्रवारी शेवटच्या दोन तासांत मोज्यांचे बाहुले केले. ज्यांच्याकडे मोजा नव्हता त्यांना आम्ही टॉवेलच्या चिंध्या दिल्या, त्यांची आमच्याकडे वाण नाही. प्रत्येकाने आपल्या बाहुल्याला नाव द्यायचं आणि त्याच्या आवाजात मराठीत एक वाक्य बोलायचं. एरवी तोंडातून मराठी काढायला लाजणाऱ्या दोन मुली बाहुल्याच्या तोंडून फडाफडा बोलल्या. तो सगळा तासच मला वेगळा लिहायला हवा, इथे थांबते.

शनिवारी खिडक्यांना चादरी लावल्या. लाल, निळ्या, हिरव्या, मोराच्या, फुलांच्या. शेजारच्या कारखानदारांना सांगायला गेलो, तर त्यांनी माग बंद ठेवले आणि स्वतः येऊन मागे उभे राहिले. धाकट्यांना पहिलीच्या वर्गात चिकणमाती दिली.

आया आल्या. शाळेत तंबाखू आणायचा नाही हे त्यांना सांगायची वेळच आली नाही. त्यांनी सूप, तंबाखू घरी ठेवला आणि नुसती विडीची पानं आणि कात्री घेऊन आल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, मांडीवर एक जुनं कापड, पत्र्याच्या मापाला लावून पान कापायचं आणि पुढचं घ्यायचं. अंधारात, न बघता. हात थांबला की त्या दिवसाची मजुरी कमी होते, म्हणून मीही काही बोलले नाही. पण त्यामुळे मला एक गोष्ट कळली जी कुठल्याही प्रश्नावलीने कळली नसती. सिनेमा चालू असताना मागून सारखा कात्र्यांचा कच कच आवाज येत होता. गाणी लागली, आवाज जोरात. प्रेमाचे प्रसंग, आवाज जोरात, आणि मुलं पाणी प्यायला. तात्या विंचूच्या धमक्या, आवाज चालूच. लक्ष्या बाहुल्याबद्दल सांगत सुटतो आणि कोणी मानत नाही, तिथे कात्र्या थांबल्या. सगळ्या. मुलांकडे बघितलं तर त्यांचेही बाहुले घातलेले हात खाली आलेले. मी लिहिलं होतं की हा प्रसंग मुलांचा आहे. तो आयांचाही निघाला.

नंतर चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं. एक आई म्हणाली, "पोरगं सांगतंय तर एकदा तो बाहुला उचलून बघायचा की बाई, काय जातंय?" दुसरी म्हणाली, "आपण तरी कुठं बघतो? काम असतंय हाताला." यावर त्यांच्यात बराच वेळ चाललं, निम्मं तेलुगूत. तिसरीची तक्रार अशी की लक्ष्याची आई एवढी चांगली दाखवली, पण ती घर कसं चालवते, चार पैसे कुठून आणते, हे कोणी दाखवलंच नाही. मला हे मत फार मोलाचं वाटतं. पुण्याच्या ताई, तुम्ही म्हणालात ना, आधी घर पटलं पाहिजे, तेच ती वेगळ्या बाजूने सांगत होती. मधु कांबीकरांनी ती आई जीव ओतून केलीय, पण सिनेमाला तिच्या चुलीपेक्षा तिच्या डोळ्यातलं पाणी जास्त हवंय.

मिलच्या काकांचं म्हणणं खरं ठरलं. एका मुलाची अव्वा आली होती, मराठी अगदी थोडी. तिने तुकाराम हवालदाराला पाहून जी टाळी दिली ती शेजारणीच्या पाठीवर. पण तिचं खरं मत नंतर आलं, नातवाने मला मराठीत सांगितलं. तिला बाबा चमत्कारचा राग आला होता. भीतीपोटी का होईना, मंत्र त्याने दिला. मग तो उतरवायची जबाबदारीही त्याचीच. ते सोडून गोळी झाडायला पोलीस कशाला? मी इतक्या वेळा हा सिनेमा पाहिला, बाबा चमत्कारकडे नुसती गंमत म्हणून बघत आले. अव्वांना तो गुरू दिसला, आणि गुरू म्हणून त्या त्याला जाब विचारत होत्या.

आता मुलं. भीतीचं म्हणाल तर चौथीतला एकच मुलगा उठून दाराशी जाऊन बसला. बाहेर गेला नाही. पडद्यावर तात्या बोलायला लागला की तो मोज्याचा बाहुला दाराच्या चौकटीमागून पुढे करायचा आणि बाहुल्याच्या आवाजात उत्तर द्यायचा, तेलुगूत. स्वतः मागे लपलेला, बाहुला पुढे. सिनेमा संपेपर्यंत त्याने तो किल्ला लढवला.

सोमवारी वर्गात विषय निघाला नाही असं होणारच नव्हतं. सगळ्यात जास्त बोलणं कशावर झालं असेल? नियमावर. तात्याला परत माणूस व्हायचं असेल तर ज्याला त्याने आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरता येतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, त्याने पहिल्यांदा त्याच्या साथीदाराला, कुबड्या खवीसला सांगितलं असतं तर?" वर्ग पेटला. एक म्हणाला, मग लक्ष्या सुटला असता. दुसरा म्हणाला, सुटला नसता, बाहुला त्याच्याच घरी होता. तिसरी म्हणाली, तात्याला कुबड आवडलं नसतं, म्हणून त्याने सांगितलंच नसतं. मग कोणीतरी विचारलं, मुक्या माणसाला सांगितलं तर? झोपलेल्या माणसाला? गाईला? मी फळ्यावर नियम लिहिला आणि खाली त्यांचे प्रश्न लिहीत गेले. फळा भरला. जादूच्या गोष्टीत काहीही चालतं असं आपण मोठी माणसं समजतो. मुलं तसं समजत नाहीत. त्यांना जादूचा नियम पक्का हवा असतो, आणि तो मोडला तर ती लेखकाला सोडत नाहीत. दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तरच तात्या मरतो, हा दुसरा नियम. तोही त्यांनी तपासला आणि पास केला.

आणि हे सगळं भांडण मराठीत झालं. मला हवं होतं ते हेच.

काका, तुम्ही सांगितलंत तसं प्रभावळकरांचं शेवटी सांगितलं. गांधीजींचा फोटो दाखवला तेव्हा कोणी मानेना. मागे उभे असलेले कारखानदार सगळ्यात आधी म्हणाले, "शक्यच नाही."

---

होटगी_रोडची_आई

बाई, तो दाराशी बसलेला मुलगा डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला त्याचा बाहुला घरी न्यायला दिलात ना? आणि त्या आयांना पुन्हा बोलवा. कात्र्या घेऊनच.

---

मिलचा_भोंगा

वाचून दाखवलं मालकिनीला. ती म्हणती अव्वाचं बरोबर हाय. मंत्र देनाऱ्यानं बगून द्यावा. आमच्या घरात आता यावरनं वाद लागलाय, कारन मी म्हणतो त्या बाबाच्या गळ्याला धरलेलं, तो काय करनार?

---

शाळेच्या_बाई, सोलापूर

ताई, सगळ्यांचे बाहुले घरी गेले.

आता पुढचं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आणखी एक दाखवायला परवानगी मिळाली आहे आणि मुलांनी जादूचाच मागितलाय. या वेळी सरांचा 'छोटा चेतन' मनात आहे. मांत्रिकाच्या ताब्यातला छोटासा चेतन, त्याच्याशी दोस्ती करणारी तीन मुलं, आणि त्यातल्या मुलीचे वडील दारू पितात, ती दारू चेतन संपवून टाकतो. आमच्या वर्गात हे बघून कोण कोण गप्प बसेल ते मला आत्ताच दिसतंय, आणि म्हणूनच तो दाखवावासा वाटतो. दादा, तो थ्रीडीत दाखवता येईल का? मुलांना चष्मा घालून बघायची फार हौस आहे.

---

प्रोजेक्टरवाला_दादा

बाई, ते जमणं अवघड आहे. मूळचा मल्याळम सिनेमा १९८४ चा, भारतातला पहिला थ्रीडी. तो टॉकीजला ध्रुवीकृत काचांच्या चष्म्याने बघायचा असे, आणि त्याला चंदेरी पडदा लागतो. पांढऱ्या कापडावर किंवा भिंतीवर उजेड परत फिरताना दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांत मिसळतात, मग चष्मा लावून काही उपयोग नाही. लाल-निळ्या कागदी चष्म्याचा प्रकार वेगळा, त्यासाठी सिनेमाची प्रतही तशीच बनवलेली लागते.

साधा दाखवा. त्यात मुलं खोलीच्या भिंतीवर आणि छतावर चालतात तो प्रसंग आहे ना, त्याला चष्मा लागत नाही. अख्खी खोलीच फिरती बांधून ते चित्रीकरण केलं होतं. सिनेमा झाला की मुलांना पुठ्ठ्याच्या खोक्याची खोली करायला द्या, आत एक बाजू उघडी ठेवून मोबाईलचा कॅमेरा खोक्याला चिकटवा आणि खोकं कॅमेऱ्यासकट हळूहळू फिरवा. आत ठेवलेली गोटी जमिनीवरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर चाललेली दिसेल. खोकं मी आणतो, टीव्हीच्या पॅकिंगची माझ्याकडे पडून आहेत. तारीख ठरली की कळवा, एप्रिलमध्ये दुपारी नको, पत्र्याच्या छताखाली प्रोजेक्टर तापून बंद पडतो. सकाळी आठला सुरू करू.